ठेकेदाराचे दुसरे बारसे



वसंत ऋतूत संध्याकाळच्या वेळी एकत्र जमून चार शब्द ऐकावेत ही आपल्याकडील चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास सुरू केलेल्या व्याख्यानमालेपासूनची आहे. त्या चालीस धरून मला येथे येण्याचे बोलावणे आले, तेव्हा कामगार चळवळीचा इतिहास सांगावा असे चालकांनी सुचविले होते. मी त्यांना विनंती केली की, इतिहास सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. मला आपल्या भिवंडीत सर्वांच्या डोळ्यांदेखत चाललेल्या एका गोष्टीविषयी बोलू द्या. ती गोष्ट म्हणजे बांधकामाच्या ठेकेदारांचे दुसरे बारसे.

आपण कल्याण नाक्यावरून अंजूरफाट्याकडे जाऊ लागलात म्हणजे दुतर्फा पाट्या दिसतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जेथे 'अमुक आणि बंधू, रेती, खडी, विटा व लेबर मिळेल' असे रंगाने लिहिलेले असे, तेथे आज काचेचे दार आहे, आत थंड हवेचे यंत्र आहे आणि बाहेर चकाकत्या अक्षरांत 'इन्फ्रा', 'बिल्डकॉन', 'प्रोजेक्ट्स प्रायव्हेट लिमिटेड' असे काहीतरी लिहिले आहे. माणूस तोच, मिक्सर तोच, पुष्कळदा मुकादमही तोच. नाव मात्र नवे. नव्या नावाबरोबर कामही नवे येते. पूर्वी जो मागाच्या शेडचे पत्रे चढवीत असे, तो आता काल्हेर, पूर्णा, दापोडे, सोनाळे अशा गावांतून गोदामांची कामे घेतो आणि उद्या इमारतींच्या योजना काढू पाहतो.

यात कामगार संघटनेच्या माणसाने बोलण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारील. दुकानदाराने पाटी बदलली तर गिऱ्हाइकाचे काय बिघडते? परंतु ठेकेदाराची पाटी ही दुकानाच्या पाटीसारखी नव्हे. त्या पाटीखाली गवंडी, सेंट्रिंगवाला, सळई बांधणारा, बिगारी, घमेली वाहणारी बाई अशी शेकडो माणसे उभी असतात, आणि त्यांतील बहुतेकांपाशी मालकाचे नाव हाच नोकरीचा एकमेव पुरावा असतो. ते नाव बदलले की पुराव्याचे काय होते, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम ठेकेदाराची बाजू सांगतो, कारण ती न सांगता बोलणे न्यायाचे होणार नाही. ठेकेदार हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. पण महात्मा जोतीराव फुले हे स्वतः ठेकेदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या नावाने त्यांनी कामे घेतली. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. बांधकामावर घाम गाळणाऱ्या माणसाची स्थिती आणि बांधकाम खात्यातील लाचलुचपत त्यांना पुस्तकातून नव्हे, तर कामावरून कळली. तेव्हा ठेकेदारी करणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ठेकेदारी कशी करावी, हा खरा प्रश्न आहे.

नाव बदलणे हेही काही आजचे नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक या पूर्वाश्रमीच्या रेल्वे कारकुनाबरोबर भागीदारी करून रेल्वेची कंत्राटे घ्यावयास आरंभ केला. 'फाटक आणि वालचंद' असे त्या पेढीचे नाव होते. पुढे टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी आली आणि १९३५ साली तिचेच नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाले. भागीदार बदलले, भांडवल वाढले, तसे नाव बदलत गेले. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे त्यांच्या कंपनीने खणले आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणारे मोठे नळ टाकण्याचे कामही केले. तानसा आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात. ते नळ आपल्या भिवंडी तालुक्यातून जातात. त्यांच्या कडेने चालत आपल्यापैकी कित्येकजण शाळेत गेले असतील. वालचंदांचे नाव उद्योगाच्या इतिहासात आहे, आणि ते असावयासच हवे. परंतु त्या नळांखालची माती ज्यांनी उपसली, त्यांची नावे कोणत्या हजेरीपटावर होती, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. मालकाचे नाव तीनदा बदलूनही टिकले. मजुराचे एकदाही लिहिले गेले नाही. येथून आपला प्रश्न सुरू होतो.

आता आजच्या काळातील आणि आपल्या दारातील उदाहरण पाहू. ठाणे-भिवंडी-कल्याण ही मेट्रो मार्ग ५ म्हणून ओळखली जाणारी सुमारे २५ किलोमीटरची मार्गिका. तिची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली आणि कापूरबावडीपासून धामणकर नाक्यापर्यंतच्या पहिल्या टप्प्याचे काम अॅफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीस मिळून ते २०१९ साली सुरू झाले. बाळकुम, कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा ही स्थानके त्याच कामातली. आता या 'अॅफकॉन्स' शब्दाचा अर्थ काय? १९५९ साली स्वित्झर्लंडची रोडिओ ही पाया भरण्याच्या कामातील कंपनी आणि येथील हजरत आणि कंपनी यांच्या भागीदारीतून हा उद्योग सुरू झाला. १९७६ साली 'एशिया फाउंडेशन्स अँड कन्स्ट्रक्शन्स' ही कंपनी नोंदविली गेली. त्या लांबलचक नावातील अक्षरे घेऊन अॅफकॉन्स हे नाव तयार झाले. २००० साली शापूरजी पालनजी समूहाने ती घेतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. चिनाब नदीवरील रेल्वे पुलाच्या बांधणीत हीच कंपनी होती, आणि ठाण्याच्या खाडीखालून जाणारा बुलेट ट्रेनचा बोगदाही तिच्याचकडे आहे.

ही कंपनी चांगली की वाईट हे सांगण्यासाठी मी हे सांगत नाही. मला फक्त एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. भागीदारीची कंपनी झाली, नाव बदलले, मालकी बदलली. तरी कंपनी स्वतःचा वारसा साठ वर्षांहून अधिक सांगते. आणि ते व्यवहाराला धरूनच आहे. कारण मोठे टेंडर भरताना पूर्वी केलेल्या कामांचा अनुभव दाखवावा लागतो, गेल्या काही वर्षांची उलाढाल दाखवावी लागते. अनुभव नसेल तर लखोटा उघडण्याआधीच माणूस बाद होतो. म्हणून जुन्या नावाखाली बांधलेला पूल नव्या नावाच्या खात्यावर जमा केला जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि सगळे व्याख्यान या एका वाक्यात आहे: जुन्या नावाचा अनुभव जर नव्या नावाबरोबर येतो, तर जुन्या नावाचे देणेही त्याच्याबरोबर आले पाहिजे. पुलाचे वय मोजता, तर तो पूल बांधणाऱ्या माणसाच्या नोकरीचे वयही मोजा.

कायदा याबद्दल काय म्हणतो? मी कायद्याचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली आणि कलमे गरज पडेल तशी वाचली. त्यामुळे मी ती वकिली भाषेत न सांगता साध्या भाषेत सांगतो.

नाव बदलण्याचे तीन प्रकार आहेत. पाटीकडे पाहून ते ओळखता येत नाहीत, म्हणून ते समजून घेतले पाहिजेत.

पहिला प्रकार एकट्या मालकाच्या धंद्याचा. त्याने पाटीवर 'बंधू' लिहिले काय किंवा 'एंटरप्रायझेस' लिहिले काय, देणे त्या माणसाचे असते. पाटी उतरवली म्हणून ते उतरत नाही.

दुसरा प्रकार नोंदणी झालेल्या कंपनीचा. तिने रीतसर नाव बदलले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती तीच कंपनी असते. तिचे हक्क तेच, तिची देणी तीच. याची मोठी मोठी उदाहरणे आहेत. आपल्या तालुक्यात अंजूर-माणकोलीकडे ज्यांची मोठी वसाहत उभी आहे त्या लोढा डेव्हलपर्सने २०१९ साली आपले नाव मॅक्रोटेक डेव्हलपर्स केले आणि २०२५ साली पुन्हा लोढा डेव्हलपर्स केले. बंदरांची आणि पायाभरणीची कामे करणारी सेमइंडिया ही कंपनी तर ट्रॅफल्गार हाउस, क्वेर्नर, स्कान्स्का, आयटीडी अशी परदेशी मालकांची नावे एकामागून एक धारण करून २०२५ साली पुन्हा सेमइंडिया या नावावर आली. माहेरचे नाव पुन्हा लावावे तसे हे झाले. या सर्व फेरबदलांत त्यांचे कर्ज देणारी बँक गोंधळली नाही, रोखे घेणारा गोंधळला नाही, प्राप्तिकर खातेही गोंधळले नाही. कारण पाटी बदलली तरी पॅन क्रमांक तोच असतो. गोंधळतो तो फक्त ज्याच्याजवळ कागद नाही तो माणूस.

२०१३ च्या कंपनी कायद्यात यासंबंधी एक सुंदर तरतूद आहे. कलम १२ सांगते की, कंपनीने नाव बदलले असेल तर पुढील दोन वर्षे नव्या नावाबरोबर जुने नावही पाटीवर आणि कागदपत्रांवर लिहावे. म्हणजे देणेकरी नव्या पाटीआड दिसेनासा होऊ नये, ही काळजी कायदा करणारांनीही घेतली आहे. भिवंडीतील किती पाट्यांवर असे जुने नाव लिहिलेले आहे, ते घरी जाताना आपण पाहावे.

तिसरा प्रकार कठीण. येथे जुन्या धंद्याचे नाव बदलत नाहीत. त्याच घरातील माणसे नवी कंपनी काढतात. यंत्रे, कामे, गिऱ्हाइके आणि मजूर नवीकडे जातात. देणी जुन्या पेढीत राहतात आणि ती पेढी रिकामी होते. कायदा या दोघांना वेगळ्या व्यक्ती मानतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र हे दुसऱ्या प्रकारासारखेच दिसते. येथेही कायदा अगदी हात टेकून बसलेला नाही. चालू धंदा कामगारांसह दुसऱ्या मालकाकडे गेला, तर नोकरीत खंड पडता कामा नये आणि अटी पूर्वीपेक्षा वाईट होता कामा नयेत, नाहीतर भरपाई द्यावी, हे तत्त्व औद्योगिक कलह कायद्यात होते आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते ठेवलेले आहे. पण धंदा हाच आणि कामगार हेच, हे सिद्ध कोणी करावयाचे? ज्याचे पैसे बुडाले त्याने.

याचा एक अनुभव सांगतो. त्या ठेकेदाराचे नाव घेत नाही. आमच्या भागातला माणूस, वडील गवंडी, स्वतः कष्टाने वर आलेला. आधी त्याचा एकट्याचा धंदा होता, मग भावाबरोबर भागीदारी झाली, आणि नंतर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. त्याच्याकडे अकरा वर्षे काम केलेल्या एका सेंट्रिंग कारागिराने पाठीचे दुखणे वाढल्यामुळे काम सोडले आणि ग्रॅच्युइटी मागितली. महिन्याला १५,६०० रुपये पगार. हिशेब सोपा आहे: २६ दिवसांचा महिना धरून दिवसाला ६०० रुपये, दर वर्षामागे १५ दिवसांचे ९,००० रुपये, अकरा वर्षांचे ९९,००० रुपये. ऑफिसातून उत्तर आले की, तुमची आमच्याकडील नोकरी तीन वर्षांची. पाच वर्षे पुरी नाहीत, सबब काही निघत नाही. म्हणजे पाटी बदलल्याने त्या माणसाची आठ वर्षे नाहीशी झाली. त्याच्या मागोमाग आणखी तेराजण आले. सगळ्यांचे उत्तर एकच.

आम्ही कागद शोधू लागलो. मस्टर मिळेना. मुकादमाच्या वहीत खर्ची आणि उचल लिहिलेली, पण मालकाचे नाव कोठेच नाही. अखेर पुरावा सापडला तो मालकाच्याच घरून. नव्या कंपनीच्या उद्घाटनाला पाहुण्यांना वाटलेले एक रंगीत पुस्तक एका सिमेंटवाल्याकडे होते. त्यात पहिल्या पानावर छापले होते: 'दोन दशकांहून अधिक काळ आपल्या विश्वासाचे नाव'. पुढे कामांची यादी होती, तीत जुन्या पेढीने बांधलेल्या शेडी, शाळेची इमारत, गोदामे अशी सगळी कामे कंपनीची म्हणून दिली होती. आणि एका छायाचित्रात परातीवर उभा असलेला, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस म्हणजे आमचा तो कारागीरच होता.

कामगार अधिकाऱ्यांपुढे आम्ही ते पुस्तक ठेवले आणि एवढेच विचारले की, कंपनी वीस वर्षांची असेल तर हा माणूस तीन वर्षांचा कसा? मालक समंजस निघाला म्हणा किंवा अडचणीत सापडला म्हणा, तडजोड झाली आणि तीन हप्त्यांत पैसे मिळाले. परंतु चौदांपैकी नऊजणांना मिळाले. उरलेल्या पाचजणांपाशी ना पास होता, ना पगाराची चिठ्ठी, ना बँकेतील नोंद. त्यांनी बांधलेल्या भिंती आजही उभ्या आहेत. पण भिंत साक्ष देत नाही.

मित्रहो, या पाचजणांची गोष्ट मी दया यावी म्हणून सांगत नाही. त्यांच्यासारखे भिवंडीत किती असतील याचा विचार करा. यंत्रमाग भंगारात गेले, तेव्हा मागावरची माणसे बिगारीवर आली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि कंपन्यांनी राज्याराज्यांतली लहान गोदामे मोडून मोठी गोदामे बांधण्यास सुरुवात केली. त्यांतील मोठा वाटा आपल्या तालुक्यास आला. मेट्रो आली, बुलेट ट्रेनची कामे आली, महामार्ग रुंदावले. कामाचा पूर आला आहे. अशा वेळी लहान ठेकेदार मोठा होऊ पाहतो हे स्वाभाविक आहे, आणि बाहेरचा मोठा ठेकेदार त्यालाच पोटठेका देतो हेही स्वाभाविक आहे. वर मोठे नाव, त्याखाली लहान नाव, त्याखाली पेटी ठेकेदार, त्याखाली मुकादम, आणि सर्वांत खाली ज्याला फक्त मुकादमाचे टोपणनाव माहीत आहे असा मजूर. या उतरंडीतले एक मडके बदलले की खालच्याचा वरच्याशी असलेला संबंध तुटतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अंमलात आल्या. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा त्यांत सामावले गेले. या संहितांत एक चांगली गोष्ट आहे: प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र द्यावे असे त्यांत सांगितले आहे. ठेकेदाराने पगार बुडविला तर मूळ मालकाने तो द्यावा हे जुने तत्त्वही राहिले आहे. पण एक गोष्ट सावध राहण्याजोगी आहे. कंत्राटी कामगारांविषयीची तरतूद पन्नास किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असतील तेथे लागू होते. आता ज्याच्याकडे एकशेवीस माणसे आहेत त्याने तीन पाट्या लावल्या आणि प्रत्येक पाटीखाली चाळीस माणसे दाखविली तर? नाव वाढविण्याचा मोह जसा धंद्यासाठी होतो, तसा तो कायद्यातून निसटण्यासाठीही होऊ शकतो. संघटनांनी आणि अधिकाऱ्यांनी पाट्या मोजू नयेत, माणसे मोजावीत.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचेही तसेच. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्यातून कामगारांना मदत द्यावयाची अशी ही योजना. तिच्या नोंदणीसाठी मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुलाची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, अपघाती मृत्यूनंतर विधवेला मिळणारी रक्कम, हे सारे त्या एका दाखल्यावर उभे आहे. 'आमची जुनी फर्म बंद झाली, नवीत तुझी नोंद नाही,' असे सांगून ठेकेदाराने दाखला नाकारला की कामगाराचे मूल शिष्यवृत्तीला मुकते. ज्याने पाटी बदलली त्याला हे कदाचित ठाऊकही नसते. म्हणूनच ते सांगितले पाहिजे.

आता येथे बसलेल्यांपैकी बरेचजण कामगार नाहीत. शिक्षक आहेत, व्यापारी आहेत, हप्त्यावर घर घेतलेले नोकरदार आहेत. हा प्रश्न आपला नव्हे असे त्यांनी समजू नये. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे आपल्या गावातील जिलानी इमारत कोसळली आणि माणसे झोपेतच गाडली गेली. इमारत उभी असते तोवर ती कोणी बांधली हे कोणी विचारीत नाही. ती पडली की सगळे गाव नाव शोधू लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो ५ च्या कामावरून लोखंडी सळई खाली पडून रिक्षातून जाणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यात घुसली. त्या वेळी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ठेकेदार कंपनीला पन्नास लाख रुपयांचा दंड केला. दंडाने जखम भरून येत नाही. पण निदान दंड कोणाला करावयाचा हे तरी ठाऊक होते. गल्लीतल्या इमारतीच्या स्लॅबखाली कोणी सापडला, तर ते तरी ठाऊक असेल काय? स्थावर संपदा कायद्याप्रमाणे घराचा ताबा घेतल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. पाच वर्षांत बिल्डरने नवी कंपनी काढून जुनी रिकामी केली, तर ओल आलेल्या भिंतीचे बिल कोणाकडे पाठविणार? ज्या वाटेने कामगाराची ग्रॅच्युइटी जाते, त्याच वाटेने आपल्या घराची हमीही जाते.

म्हणून मी तीन प्रकारच्या लोकांना तीन गोष्टी सुचवितो.

घर किंवा गोदाम घेणारांनी ठेकेदाराला पूर्वी काय बांधले एवढेच विचारू नये. कोणत्या नावाने बांधले आणि त्या नावाचे पुढे काय झाले, हेही विचारावे. महानगरपालिकेने आणि ग्रामपंचायतींनी काम देताना जुन्या पेढीचा अनुभव ग्राह्य धरला, तर जुन्या पेढीच्या कामगारांची देणी फिटल्याचे लिहून घ्यावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. टेंडरच्या अटींत एक ओळ लागते.

कामगार बंधुभगिनींना मी सांगतो की, आपले नाव आपणच जपले पाहिजे. पगार बँकेत घ्या. भविष्यनिर्वाह निधीचा आपला बारा आकडी क्रमांक पाठ करा. मालक बदलला तरी तो बदलत नाही. साइटवरच्या पाटीचे आणि हजेरीच्या पानाचे छायाचित्र महिन्यातून एकदा मोबाईलवर काढून ठेवा. मालकाने उद्घाटनाचा पेढा दिला तर तो आनंदाने खा आणि त्याच दिवशी विचारा की, शेठ, नव्या कंपनीत आमची जुनी वर्षे धरलीत ना? पेढा खाताना विचारलेला प्रश्न भांडणाचा वाटत नाही. तीन वर्षांनी विचारला तर तोच प्रश्न भांडणाचा होतो.

आणि ठेकेदार बंधूंना, ज्यांतील काहीजण आज मागच्या रांगेत बसलेले मला दिसत आहेत, मी विनंती करतो. आपण मोठे व्हावे असे आम्हाला वाटते. बाहेरची कंपनी येऊन काम करून निघून जाते. आपण येथलेच आहात, आपली मुले याच शाळांत शिकतात. नवे नाव घ्या, चांगला चित्रकार बोलावून पाटी रंगवा. पण त्या दिवशी जुना हजेरीपट उघडा आणि त्यातील प्रत्येक नाव, कामावर लागल्याच्या तारखेसह, नव्या पटावर उतरवून काढा. या कामाला एक कारकून आणि दोन दिवस पुरतात. पुस्तकात 'वीस वर्षांचा विश्वास' असे छापावयाचे असेल, तर तो विश्वास ज्यांच्या हातांनी मिळविला त्यांची वीस वर्षेही तुमच्या वहीत असू द्या.

आमच्याकडे बारशाला बाळाचे नाव ठेवतात, तेव्हा आजी-आजोबांना विसरत नाहीत. गोत्र आणि कुळ तेच राहते. ठेकेदाराच्या दुसऱ्या बारशाला एवढीच रीत पाळली गेली, तर पुढे कोर्टकचेरीची पुष्कळशी कामे वाचतील, आणि संघटनेच्या माझ्यासारख्या माणसालाही थोडी विश्रांती मिळेल.